भत्त्याचा अर्ज नेमका कोणत्या टेबलावर अडला आहे?

कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेविषयी आम्ही या सदरात एक छोटी टीप दिली होती. नोकरी गेलेल्या विमाधारक कामगाराला ९० दिवसांपर्यंत, सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के दराने, आयुष्यात एकदाच मदत मिळते, एवढाच तिचा आशय होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी योजना काय आहे हे विचारणारी पत्रे थोडी होती. अर्ज केला, पण पुढे काही हलत नाही, अशी तक्रार करणारी पत्रेच जास्त होती. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी रबाळे एमआयडीसीतील एका इंजिनिअरिंग कारखान्यात कंत्राटदारामार्फत सहा वर्षे मशीनवर काम करीत होतो. ऑर्डरी कमी झाल्या म्हणून आम्हा अकरा जणांना ‘ब्रेक’ दिला. दोन महिन्यांनी मी ऑनलाइन अर्ज केला, त्याला आता चार महिने झाले. महामंडळाच्या शाखा कार्यालयात पाच खेपा घातल्या. ‘वरून आलेले नाही’ एवढेच उत्तर मिळते. कंत्राटदार फोन उचलत नाही आणि कंपनी म्हणते, तुम्ही आमचे कामगारच नव्हता. आता मी कोणाकडे जावे? (रबाळे, नवी मुंबई)

उत्तर : ‘वरून आलेले नाही’ या वाक्यात कर्ताच नाही, आणि आपली खरी अडचण तीच आहे. काय आलेले नाही आणि ते कोणाकडून यायचे आहे, हे कळल्याशिवाय सहावी खेपही पाचव्या खेपेसारखीच वाया जाईल. म्हणून तक्रार करण्याआधी अर्ज कोठे थांबला आहे याचा शोध घ्यावा, असे आम्ही सुचवतो. हा शोध बऱ्याच अंशी घरी बसून घेता येतो.

कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या संकेतस्थळावर आपल्या दहा आकडी विमा क्रमांकाने प्रवेश करा आणि वर्गणीचा महिनावार तपशील उघडा. मालकाने प्रत्येक महिन्याची वर्गणी पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. ती भरताना ज्या कामगाराचे कामाचे दिवस शून्य आहेत, त्याच्या नावापुढे कारण निवडावे लागते. ‘रजेवर’, ‘नोकरी सोडली’, ‘छाटणी’, ‘काम नाही’ अशी ही कारणे असतात, आणि नोकरी संपली असेल तर कामाचा शेवटचा दिवसही नोंदवायचा असतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील अनेक कंत्राटदारांचे हे काम बाहेरचा एखादा हिशेबनीस करतो. कामगाराला ब्रेक दिल्याचे त्याला कोणी कळवलेले नसते, म्हणून तो महिन्यामागून महिना ‘रजेवर’ हेच कारण पुढे ओढत राहतो. अशा वेळी संगणकाच्या लेखी आपण बेकार नसून नोकरीतच आहात, फक्त रजेवर आहात. आपला अर्ज कोणी मुद्दाम दाबून ठेवला आहे असे मानण्याआधी ही नोंद पाहा. आमच्याकडे आलेल्या पत्रांत अडथळ्याचे हेच कारण सर्वाधिक वेळा दिसले.

नोंद चुकीची असेल तर ती दुरुस्त करायची जबाबदारी मालकाची आहे आणि मालकाकडून खातरजमा करून घेण्याचे काम शाखा कार्यालयाचे आहे. योजना १ जुलै २०१८ पासून सुरू झाली तेव्हा अर्ज मालकामार्फत पुढे जात असे. त्यामुळे ज्याने कामावरून काढले त्याच्याच दारात सहीसाठी उभे राहावे लागे. २०२० मध्ये ही अट काढून टाकण्यात आली. आता कामगार थेट शाखा कार्यालयाकडे अर्ज करू शकतो. त्यामुळे ‘कंत्राटदाराची सही घेऊन या’ असे कोणी तोंडी सांगितले, तर तेच लेखी द्यावे अशी नम्र विनंती करावी. लेखी मागितले की असल्या अटी पुष्कळदा आपोआप गळून पडतात.

कंपनीचे ‘तुम्ही आमचे नव्हता’ हे उत्तर अपुरे आहे. कंत्राटदारामार्फत घेतलेल्या कामगारांच्या वर्गणीची जबाबदारी कायद्याने मुख्य मालकावर, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम चालते त्याच्यावर असते, आणि भरलेली रक्कम तो कंत्राटदाराकडून वसूल करू शकतो. म्हणून आपले पत्र कंत्राटदाराला, त्याची प्रत कारखान्याच्या व्यवस्थापनाला आणि दुसरी प्रत शाखा व्यवस्थापकाला, अशा तिन्ही ठिकाणी जाऊ द्या. पत्रात विमा क्रमांक, अर्जाचा क्रमांक, कामाचा शेवटचा दिवस आणि सध्या दिसत असलेली चुकीची नोंद, एवढेच लिहावे. सोबत पगाराच्या पावत्या, पगार जमा झाल्याचे दाखवणारा बँकेचा उतारा आणि गेट पासची छायाप्रत जोडावी. शाखा कार्यालयात पत्र देताना आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये. आपण घातलेल्या पाच खेपांचा आज एकही पुरावा आपल्याजवळ नाही. त्याऐवजी एक पोच हाती असती, तर तिचा उपयोग अधिक झाला असता.

पत्रानंतर तीन-चार आठवडे वाट पाहा. त्यानंतरही हालचाल नसेल तर केंद्र सरकारच्या तक्रार निवारण संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. तिचे निवारण साधारणपणे २१ दिवसांत करावे अशी अपेक्षा आहे. तक्रारीत आवक क्रमांक लिहिला की ‘असे पत्र मिळालेले नाही’ हे उत्तर देता येत नाही. त्याच सुमारास दहा रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात अर्जही करता येतो. मात्र त्यात ‘माझा अर्ज का रखडला?’ असे विचारू नये, कारण कारण सांगण्यास माहिती अधिकारी बांधील नसतो, नोंदी दाखवण्यास मात्र बांधील असतो. म्हणून ‘अमुक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणती कार्यवाही झाली, मालकाला पडताळणीसाठी कोणत्या तारखेला पत्र गेले, त्याच्या उत्तराची प्रत द्यावी’ अशी मागणी करावी. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. ठाण्याच्या उपप्रादेशिक कार्यालयाकडे दाद मागायची वेळ आली, तर याच कागदांचा उपयोग होईल.

जुन्या तक्रारींचे छापील नमुने उतरवून काढू नका. १९४८ च्या राज्य विमा कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, त्यामुळे त्या नमुन्यांतील कलमांचे क्रमांक आता जुळणार नाहीत. कलमे न लिहिता वस्तुस्थिती लिहिली तरी तक्रार तेवढीच वजनदार होते. आपल्या बरोबरच्या दहा जणांनीही हीच तक्रार स्वतंत्रपणे करावी, हे उत्तम. प्रत्येकाचा विमा क्रमांक आणि नोंद वेगळी असल्यामुळे सामूहिक निवेदनाने असली कामे क्वचितच होतात.

प्रश्न : वागळे इस्टेटमधील एका पॅकिंग युनिटमध्ये मी नऊ वर्षे कामाला होते. एके दिवशी आम्हा सात बायकांना ऑफिसात बोलावून टाइप केलेल्या कागदावर सह्या घेतल्या आणि ‘हिशेब घेऊन जा’ म्हणून सांगितले. तो कागद राजीनाम्याचा होता, हे नंतर कळले. आता माझा अर्ज ‘स्वेच्छेने नोकरी सोडली’ या कारणाने नामंजूर झाला आहे. (सावरकर नगर, ठाणे)

उत्तर : ताई, आपले प्रकरण अवघड आहे, हे आधीच स्पष्ट सांगणे बरे. ही योजना इच्छेविरुद्ध आलेल्या बेकारीसाठी आहे. स्वतःहून नोकरी सोडणे, स्वेच्छानिवृत्ती, वयोमानानुसार निवृत्ती, गैरवर्तनाबद्दल झालेली कारवाई आणि बेकायदा ठरलेला संप यांतून आलेली बेकारी तिच्यात बसत नाही. शाखा कार्यालयासमोर आपल्या सहीचा राजीनामा आहे. तो जबरदस्तीने लिहून घेतला होता की नाही, याचा निवाडा त्या खिडकीवरचा कर्मचारी करू शकत नाही आणि त्याने तो करावा अशी अपेक्षा धरणेही योग्य होणार नाही.

म्हणून लढाईची जागा बदलावी लागेल. सातही जणींच्या राजीनाम्यांवर एकच तारीख, एकच मजकूर आणि एकच टंक असेल, तर ते सात कागद शेजारी शेजारी ठेवल्यावर स्वतःच बोलू लागतात. नऊ वर्षे काम केलेल्या सात स्त्रियांना एकाच दिवशी, एकाच शब्दांत नोकरी नकोशी झाली, हे कोणाला पटेल? सुपरवायझरचे मोबाइलवरील संदेश, त्या दिवशीची हजेरी आणि नंतर त्याच कामावर नवी माणसे घेतली असल्यास त्याची माहिती गोळा करा. ती घेऊन ठाण्यातील कामगार आयुक्त कार्यालयात, प्रत्येकीने स्वतःच्या नावाने, राजीनामा सक्तीने घेतल्याची लेखी तक्रार करावी. तेथे समेटासाठी मालकाला बोलावले जाते. अशा बैठकीत मालकाने ही छाटणीच होती असे लेखी मान्य केले, तर तो कागद जोडून शाखा कार्यालयाकडे फेरविचाराचा अर्ज करता येईल. शिवाय छाटणीची भरपाई हा वेगळा हक्क आहे. तिची रक्कम या भत्त्याहून बरीच मोठी असू शकते, त्यामुळे केवळ भत्त्यासाठी भांडून ती गमावू नये. नऊ वर्षांच्या सेवेची ग्रॅच्युइटी तर राजीनामा खरा मानला तरी देय आहेच, आणि ती ३० दिवसांत द्यायची असते.

हिशेबाची रक्कम अजून घ्यायची राहिली असेल तर ती नाकारू नका. पावतीवर सही करताना मात्र ‘रक्कम हरकत राखून स्वीकारली’ असे आपल्या हाताने लिहावे. मालक तसे लिहू देत नसेल, तर त्याच दिवशी रजिस्टर्ड टपालाने हरकत कळवावी.

प्रश्न : माझा पगार १८,००० रुपये होता. निम्मा पगार तीन महिने म्हणजे २७,००० रुपये मिळतील असे वाटले होते. प्रत्यक्षात खात्यावर २१,०८२ रुपये जमा झाले. बाकीचे कोणी खाल्ले? (तुर्भे)

उत्तर : कोणी खाल्ले असा निष्कर्ष लगेच काढता येणार नाही. निदान शाखा कार्यालयात ते कोणी खाल्लेले दिसत नाहीत. या योजनेत शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम मिळत नाही. बेकारीच्या आधीच्या चार वर्गणी-कालखंडांतील, म्हणजे दोन वर्षांतील, एकूण वेतनाला ७३० ने भागून दैनिक सरासरी काढतात आणि तिच्या निम्म्या दराने ९० दिवस मोजतात. वर्गणी-कालखंड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे सहा-सहा महिन्यांचे असतात.

आपल्या बाबतीत चोवीस महिन्यांचे वेतन ४,३२,००० रुपये होते. त्याची दैनिक सरासरी सुमारे ५९१ रुपये ७८ पैसे, निम्मा दर २९५ रुपये ८९ पैसे आणि ९० दिवसांचे २६,६३० रुपये होतात. आपल्याला मिळालेल्या २१,०८२ रुपयांवरून उलटा हिशेब मांडला, तर एकूण वेतन ३,४२,००० रुपये धरलेले दिसते, म्हणजे बरोबर एकोणीस महिन्यांचे. याचा अर्थ पाच महिन्यांची वर्गणी आपल्या नावावर जमाच झालेली नसावी. भागाकार मात्र पूर्ण ७३० नेच होतो, त्यामुळे न भरलेला प्रत्येक महिना सरासरी खाली ओढतो.

आता त्या पाच महिन्यांच्या पगाराच्या पावत्या काढून पाहा. कामगाराचा वाटा वेतनाच्या ०.७५ टक्के असतो, म्हणजे १८,००० वर १३५ रुपये. मालकाचा वाटा ३.२५ टक्के म्हणजे ५८५ रुपये. पावतीत १३५ रुपये कापलेले दिसत असतील आणि संकेतस्थळावर तो महिना रिकामा असेल, तर पैसे कापून घेऊनही ते भरले गेले नाहीत. हा गंभीर अपराध आहे आणि त्याची तक्रार पावत्यांसह उपप्रादेशिक कार्यालयाकडे करता येते. वसुली झाली आणि नोंदी भरल्या गेल्या की फरकाच्या ५,५४८ रुपयांची मागणी लेखी करावी. त्या पाच महिन्यांत आपण खरोखरच बिनपगारी रजेवर असाल, तर मात्र मिळालेली रक्कम बरोबर आहे.

प्रश्न : अर्ज भरताना ‘पात्र नाही’ असा संदेश येतो. मी पाच वर्षे सलग काम केले आहे, पण दोन वर्षांत तीन कंत्राटदार बदलले. (कळवा)

उत्तर : बहुधा आपल्या नावावर एकाहून अधिक विमा क्रमांक पडले आहेत. नवा कंत्राटदार जुना क्रमांक न विचारता नवीन नोंदणी करून मोकळा होतो आणि एकाच माणसाची सेवा तीन तुकड्यांत विभागली जाते. पात्रतेसाठी बेकारीच्या आधी किमान दोन वर्षे विम्याखालील नोकरी लागते. लगतच्या वर्गणी-कालखंडात किमान ७८ दिवसांची आणि त्या दोन वर्षांतील उरलेल्या तीनपैकी एका कालखंडात पुन्हा ७८ दिवसांची वर्गणी लागते. प्रत्येक तुकडा वेगळा मोजला की ही अट कोठेच पूर्ण होत नाही. सर्व क्रमांक, आधार कार्ड आणि तिन्ही ठिकाणच्या पावत्या घेऊन शाखा कार्यालयात क्रमांक एकत्र जोडण्याचा अर्ज द्यावा आणि ते झाल्यावरच भत्त्याचा अर्ज करावा. आधारवरील नाव आणि विम्याच्या नोंदीतील नाव यांत एका अक्षराचाही फरक असेल, तर तोही याच खेपेत दुरुस्त करून घ्या. बँकेचे विलीनीकरण होऊन आयएफएससी कोड बदलला असेल, तर पासबुकाची नवी प्रत जोडा. नोकरी गेल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, तेव्हा ही दुरुस्ती दिवाळीनंतर पाहू म्हणून पुढे ढकलू नये.

प्रश्न : ऐरोलीतील एका आयटी कंपनीत मला ३२,००० रुपये पगार होता. दोन महिन्यांपूर्वी नोकरी गेली. मलाही हा भत्ता मिळेल का? (घणसोली)

उत्तर : नाही. विम्याची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून दरमहा २१,००० रुपये आहे. तिच्यावर पगार असणाऱ्यांची वर्गणीच जात नाही, मग भत्ता कोठून मिळणार? या मर्यादेवरील खासगी नोकरदारांसाठी आपल्याकडे बेकारी भत्त्याची योजना नाही, हे खेदाने लिहावे लागते. आपला आधार भविष्य निर्वाह निधीचा. नोकरी गेल्यावर त्यातील ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम काढता येते. तेथेही अडथळा पुष्कळदा नोकरी सोडल्याच्या तारखेचाच येतो. कंपनीने ती भरली नसेल, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आपण स्वतः, आधारशी जोडलेल्या मोबाइलवरील ओटीपीच्या आधारे, ती नोंदवू शकता. निवृत्तिवेतनाचा भाग मात्र शक्यतो काढू नका. तो काढल्यास झालेली सेवा पुसली जाते आणि निवृत्तिवेतनासाठी लागणारी दहा वर्षे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात.

प्रश्न : कोलशेत रोडवरचा आमचा कारखाना कायमचा बंद झाला. ओळखीतल्या एका एजंटाने सांगितले की, ९० दिवसांच्या भत्त्यासाठी स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र लागते, त्याचे आणि ‘आतल्या माणसाचे’ मिळून तीन हजार होतील. द्यावेत का? (मनोरमा नगर, ठाणे)

उत्तर : देऊ नयेत. प्रतिज्ञापत्राची अट पूर्वी होती. ती २०२० च्या अखेरीस रद्द झाली आहे. अर्ज करायला शुल्क लागत नाही. ऑनलाइन अर्ज, आधार कार्ड आणि बँकेच्या पासबुकाची प्रत एवढ्यावर काम होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट एजंटाने आपल्याला सांगितलेली नाही, बहुधा त्याला ती ठाऊकच नसावी. कारखाना कायमचा बंद होऊन किंवा छाटणी होऊन नोकरी गेली असेल आणि किमान दोन वर्षांची वर्गणी भरलेली असेल, तर राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना पाहावी. ती १ एप्रिल २००५ पासून आहे आणि तिच्यात भत्ता २४ महिन्यांपर्यंत मिळू शकतो, पहिल्या बारा महिन्यांत सरासरी वेतनाच्या ५० टक्के आणि पुढील बारा महिन्यांत २५ टक्के दराने. त्या काळात स्वतःसाठी आणि कुटुंबासाठी कामगार विमा रुग्णालयातील उपचारही चालू राहतात. आपल्या घरात मधुमेहाचे औषध नियमित लागते असे आपण लिहिले आहे, त्यामुळे रोख रकमेइतकाच हा भागही आपल्याला महत्त्वाचा ठरेल. ठाण्यात गेल्या काही वर्षांत कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, पण बंद झालेल्या कारखान्यांतील किती जणांनी ही योजना विचारली असेल, याची आम्हाला शंका आहे.

येथे कागद वेगळे लागतात. कारखाना बंद झाल्याची सूचना, ती कामगार खात्याला दिल्याची प्रत किंवा छाटणीचे पत्र, यांपैकी जे असेल ते आजच मिळवून ठेवा. गेटवर लावलेल्या नोटिशीचा तारखेसह फोटो काढून ठेवा, कारण बंद कारखान्याचे ऑफिस काही महिन्यांनी उघडायलाही कोणी नसते. कोणत्या योजनेखाली अर्ज करायचा हे शाखा व्यवस्थापकांना कागद दाखवून, लेखी विचारून ठरवावे आणि त्याआधी ९० दिवसांचा अर्ज घाईने भरू नये.